दहा सेंटांची पेढी : आल्फोन्स देजार्दें ह्यांचे चरित्र

महोत्सवाच्या स्मरणिकेत संतांची, मिशनरी धर्मगुरूंची व धर्मग्रामाच्या आद्य उपकारकर्त्यांची चरित्रे छापण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. तथापि ह्या पानांवर आम्ही एका संसारी गृहस्थाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांनी चमत्कार केले नाहीत, दूरदेशी जाऊन सुवार्ता सांगितली नाही, की धर्मासाठी रक्त सांडले नाही. त्यांनी एक पेढी काढली. ती दहा-दहा सेंटांच्या ठेवींतून उभी राहिली आणि पुढे हजारो गरीब कुटुंबांस तिने सावकाराच्या दारातून परत आणिले. आमच्या धर्मग्रामांतील अनेक तरुण आज नोकरीची वाट न पाहता दुकान, कारखाना, फुलबाग, वाहतूक असे नानाविध धंदे काढीत आहेत. त्यांतील काही भरभराटीस येतात, तर काही पहिल्याच पावसात वाहून जातात. धंदा उभारावा कसा, संकटात तो टिकवावा कसा, आणि मार्ग विचारावा तरी कोणास, हे प्रश्न त्यांच्यापुढे नित्य उभे असतात. अशा प्रश्नांची उत्तरे कोरड्या उपदेशापेक्षा एखाद्याच्या जीवनक्रमातून अधिक चांगली मिळतात, ह्या विश्वासाने आम्ही कॅनडा देशातील आल्फोन्स देजार्दें ह्यांची हकीकत सांगत आहोत.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात संत लॉरेन्स नदीच्या काठी, क्वेबेक शहराच्या अगदी समोरच्या तीरावर, लेव्ही नावाचे गाव आहे. तेथे ५ नोव्हेंबर १८५४ रोजी आल्फोन्स ह्यांचा जन्म झाला. पंधरा भावंडांत ते आठवे. घरची स्थिती हलाखीची होती. एवढ्या मोठ्या कुटुंबात कोणती वस्तू किती दिवस पुरवावयाची, हे त्यांस लहानपणीच कळले असेल ह्यात शंका नाही. त्या प्रांतातील बहुसंख्य लोक फ्रेंच भाषा बोलणारे व कॅथोलिक धर्माचे होते. जमीन त्यांची, घाम त्यांचा. परंतु मोठा व्यापार व मोठ्या बँका बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांच्या हाती होत्या. अशा बँकांस व्यापाऱ्याशी व्यवहार करणे सोयीचे वाटे. दोन गाईंच्या शेतकऱ्यास किंवा गोदीतील मजुरास तेथे कर्ज मिळणे दुरापास्त होते. मग तो सावकाराकडे जाई, आणि गेला की सहसा मोकळा होऊन परत येत नसे. कित्येक लाख फ्रेंच कॅनेडियन लोक घरदार सोडून दक्षिणेस अमेरिकेच्या कापडगिरण्यांत पोटासाठी गेले, त्यास हे दारिद्र्यही एक कारण होते.

आल्फोन्स ह्यांचे शिक्षण धर्मगुरूंनी चालविलेल्या लेव्ही कॉलेजात झाले. तेथे त्यांनी मुख्यतः व्यापारी शिक्षणक्रम पुरा केला. लॅटिनचा अभ्यास मात्र सुरू होताच थांबला, कारण १८७० साली त्यांस शाळा सोडावी लागली. काही काळ त्यांनी लष्करी पथकात काढला. पुढे ते वृत्तपत्रांत लिहू लागले. सन १८७९ हे त्यांच्या आयुष्यात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी सोरेल येथे त्यांचा दोरिमेन ह्यांच्याशी विवाह झाला, आणि त्याच वर्षी क्वेबेकच्या विधिमंडळातील भाषणे छापून प्रसिद्ध करण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. सुमारे दहा वर्षे हा उद्योग चालला. तो सरकारी अनुदानावर अवलंबून होता. सरकार बदलले, अनुदान बंद झाले, आणि दहा वर्षांचे काम एका निर्णयासरशी संपले. त्यानंतर १८९१ साली त्यांनी लेव्ही येथे स्वतःचे एक दैनिक काढले. ते काही महिन्यांतच बंद करावे लागले.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. सदतिशीच्या उंबरठ्यावर उभा असलेला, पदरी मुलेबाळे असलेला हा गृहस्थ. एक उद्योग दुसऱ्याच्या मर्जीवर उभा असल्यामुळे गेला, दुसरा पुरेशा बळाच्या अभावी गेला. कित्येक माणसे अशा वेळी नशिबास दोष देऊन बसतात. देजार्दें ह्यांनी १८९२ साली ओटावा येथील कॉमन्स सभेत फ्रेंच भाषणांच्या लघुलेखकाची नोकरी धरली आणि ती पंचवीस वर्षे, म्हणजे १९१७ पर्यंत, इमानाने केली. परंतु झालेल्या दोन्ही अपयशांचा धडा त्यांनी वाया जाऊ दिला नाही असे आम्हांस वाटते. पुढे त्यांनी जी संस्था उभारली ती सरकारी देणगीवर उभी नव्हती, आणि एकट्या माणसाच्या पैशावरही उभी नव्हती.

आता मुख्य कथेकडे वळू. एप्रिल १८९७ मध्ये कॉमन्स सभेत माँट्रियलचे सभासद मायकेल क्विन हे जबर व्याजास आळा घालणारे एक विधेयक मांडीत होते. नेहमीप्रमाणे देजार्दें खाली बसून भाषणे टिपून घेत होते. त्या भाषणात एक उदाहरण आले. माँट्रियलच्या एका मनुष्याने १५० डॉलरचे कर्ज काढले होते, आणि न्यायालयाने त्यास केवळ व्याजापोटी ५,००० डॉलर भरावयास लाविले होते. सभागृहात ते शेकडोंनी ऐकले. टिपून घेणाऱ्या लघुलेखकाच्या मनात मात्र ते रुतून बसले. हे दुःख नाहीसे करावयाचे तर केवळ सावकारास दंड करून भागणार नाही. गरिबास दुसरे दार उघडून दिले पाहिजे, ह्या विचाराने त्यांस घेरले.

येथून पुढे त्यांनी जे केले ते प्रत्येक नव्या उद्योजकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यांनी दुसऱ्या दिवशी पेढी उघडली नाही. त्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ अभ्यास केला. संसदेच्या ग्रंथालयात त्यांस हेन्री विल्यम वुल्फ ह्या इंग्लंडमधील सहकारी कार्यकर्त्याचा लोकबँकांविषयीचा ग्रंथ सापडला. तो वाचून १८९८ च्या मे महिन्यात त्यांनी वुल्फ ह्यांस पत्र लिहिले. वुल्फ हे त्या वेळी आंतरराष्ट्रीय सहकारी संघाचे अध्यक्ष होते. त्यांनी ह्या अनोळखी लघुलेखकास आपुलकीने उत्तर दिले, माहिती पुरविली, आणि युरोपातील निरनिराळ्या देशांतील कार्यकर्त्यांशी परिचय करून दिला. मग पत्रांची ये-जा सुरू झाली. जर्मनीत रायफायझेन ह्यांनी खेड्यांसाठी व शुल्झ-डेलिच ह्यांनी शहरांतील कारागिरांसाठी काढलेल्या पतसंस्था, इटलीत लुझ्झात्ती ह्यांनी चालविलेल्या लोकबँका, फ्रान्समधील संस्था, ह्यांचे नियम, हिशेब व अडचणी देजार्दें ह्यांनी बारकाईने तपासल्या. रायफायझेन हे प्रॉटेस्टंट पंथाचे होते आणि लुझ्झात्ती हे यहुदी कुळातले. देजार्दें हे निष्ठावंत कॅथोलिक. तथापि चांगली गोष्ट ज्याच्यापाशी असेल त्याच्यापाशी शिष्य होऊन बसण्यात त्यांस कधी कमीपणा वाटला नाही. त्यांचे गुरू समुद्रापलीकडे होते आणि विद्यादान बहुतांशी टपालातून झाले, तरी ती खरी गुरुशिष्यपरंपराच होती.

परंतु त्यांनी कोणाचीही नक्कल केली नाही. रायफायझेनच्या पद्धतीत प्रत्येक सभासद संस्थेच्या सर्व देण्यास आपल्या साऱ्या मालमत्तेनिशी जबाबदार असे. क्वेबेकचा शेतकरी अशा अटीस भिऊन पळेल हे देजार्दें ह्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी सभासदाची जबाबदारी त्याच्या भागापुरतीच ठेविली. एक भाग पाच डॉलरचा ठरला. परंतु तोही दर आठवड्यास दहा सेंट भरून पुरा करण्याची मुभा दिली. शंभर सेंटांचा एक डॉलर होतो, म्हणजे एक भाग पुरा व्हावयास जवळजवळ वर्ष लागावे. ह्यामागे खोल विचार होता. जो मनुष्य वर्षभर न चुकता आठवड्यास दहा सेंट बाजूस ठेवितो तो काटकसर शिकतो, त्याचा शब्द पाळण्याचा स्वभाव शेजाऱ्यांस दिसतो, आणि उद्या त्यास कर्ज देताना निराळा जामीन शोधावा लागत नाही. ज्यास पैसा नाही त्यापाशी चारित्र्य आहे, आणि चारित्र्य हेही तारण होऊ शकते, हा ह्या पेढीचा पाया होता.

दुसरी गोष्ट क्षेत्राची. पेढी किती मोठ्या प्रदेशात चालवावी? देजार्दें ह्यांनी धर्मग्रामाची मर्यादा निवडली. एकाच देवळात बाप्तिस्मा घेणारी, एकाच घंटेच्या नादावर मिस्सेस जाणारी व एकाच स्मशानात आपले मृत पुरणारी माणसे एकमेकांस ओळखतात. कोण कष्टाळू, कोण उधळ्या, कोणाच्या घरी आजारपण आले, कोणाचे कर्ज दारूच्या दुकानात जाणार, हे तेथे कोणास सांगावे लागत नाही. जी माहिती मोठ्या बँकेस हजार डॉलर खर्चूनही मिळणार नाही, ती धर्मग्रामास फुकट असते. पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ साली काढलेल्या रेरुम नोवारुम ह्या परिपत्रकात कामगारांच्या स्थितीविषयी जी शिकवण दिली होती, तिचा देजार्दें ह्यांच्या मनावर मोठा परिणाम झाला होता. ती शिकवण व्यासपीठावरून खाली उतरून हिशेबाच्या वहीत यावी, ही त्यांची इच्छा होती.

सन १९०० च्या सप्टेंबरपासून त्यांच्या घरी गावातील निवडक मंडळींच्या बैठका होऊ लागल्या. नियमांचे एकेक कलम वाचावे, त्यावर वाद करावा, दुरुस्ती करावी, असा क्रम कित्येक आठवडे चालला. लेव्ही कॉलेजातील काही धर्मगुरूंनी ह्या कामास प्रथमपासून हातभार लाविला. शेवटी ६ डिसेंबर १९०० रोजी, संत निकोलस ह्यांच्या सणाच्या दिवशी, सायंकाळी सभा भरली आणि शंभराहून अधिक ग्रामस्थांनी सह्या करून संस्था स्थापन केली. तिचे नाव केस पोप्युलेर, म्हणजे लोकांची पेढी. आम्ही पुढे तिला लोकपेढीच म्हणू. २३ जानेवारी १९०१ रोजी पैसे स्वीकारण्यास आरंभ झाला. पहिली ठेव दहा सेंटांची आली. त्या दिवशी एकंदर जमा झाले २६ डॉलर ४० सेंट. एखाद्या चांगल्या दुकानात ह्याहून अधिक गल्ला एका दिवसात होत असेल. हसणाऱ्यांस हसावयास हे पुरेसे होते.

लोकपेढीचे नियम थोडे पण कडक होते. कर्ज फक्त सभासदास मिळे. सभासदाचे भाग कितीही असोत, सभेत मत एकच. कर्जाचे अर्ज एक समिती पाही, आणि साऱ्या व्यवहारावर दुसरी समिती देखरेख करी. ह्या दोन्ही समित्यांवरील माणसांस स्वतःसाठी कर्ज काढता येत नसे. कर्ज कशासाठी हवे ते सांगावे लागे. बियाणे, जनावर, हत्यार, दुकानाचा माल, सावकाराचे जुने देणे, अशा कामास पैसे मिळत. चैनीस मिळत नसत. मोठ्या व लहान कर्जाचे अर्ज एकाच वेळी आले तर लहान अर्जास अग्रक्रम असे. परतफेड हप्त्यांनी घेत. नफ्यातील काही भाग न चुकता गंगाजळीत जाई. ह्या शिस्तीचे फळ असे की, सुरुवातीच्या वर्षांत लेव्हीच्या पेढीचे एका सेंटाचेही कर्ज बुडाले नाही. गरीब मनुष्य कर्ज बुडवितो असे मानणाऱ्यांस ह्याहून सडेतोड उत्तर देणे शक्य नव्हते.

बाहेरून असे सर्व सुरळीत दिसत असता देजार्दें ह्यांच्या घरात मात्र मोठी चिंता वावरत होती. ह्या पेढीस कायद्याचा आधार नव्हता. त्या वेळच्या कॅनडात अशा संस्थेसाठी कायदाच नव्हता. कायद्याच्या दृष्टीने पेढी म्हणजे कोणीच नव्हे. तेव्हा काही अघटित घडले तर ठेवीदार चालकांच्या दारात उभे राहतील, आणि चालकांत अग्रभागी देजार्दें. गावातील मोलकरणीची, मजुराची, विधवेची पुंजी त्यांच्या शब्दावर आलेली. एक वाईट वर्ष, एक अफवा, एक चोरी, आणि घरदार तर जाईलच, पण जन्मभराचे नावही जाईल. त्यांस दहा अपत्ये झाली होती. अशा माणसाने ही जोखीम घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न सोपा नव्हता.

येथे दोरिमेनबाईंचे स्मरण केल्यावाचून पुढे जाणे अन्याय होईल. संसदेचे अधिवेशन चालू असता देजार्दें ह्यांस महिनोन् महिने ओटावास राहावे लागे. त्या काळात पेढीचा नित्याचा व्यवहार दोरिमेनबाई पाहत. पेढी आरंभीची काही वर्षे बहुतांशी त्यांच्या राहत्या घरातच चाले. एका हाताने मुलांचे पाहावे, दुसऱ्या हाताने ठेवी मोजून वहीत मांडाव्यात, हप्ते वसूल करावेत, पतीस पत्राने सर्व कळवावे, असा त्यांचा दिनक्रम होता. घरावर येऊ शकणाऱ्या संकटाची भीती त्यांस नव्हती असे नाही. उलट ती त्यांसच अधिक जाणवत होती. परंतु भीती बाळगूनही त्यांनी हिशेबात एका पैचा घोळ होऊ दिला नाही. जगात उद्योगाचा इतिहास लिहिताना बहुधा पुरुषांची नावे लिहितात. ज्या पेढीवर लोकांचा विश्वास बसला ती दोन माणसांनी उभी केली होती, असे आम्ही स्पष्ट लिहितो.

देजार्दें ह्यांनी ह्या काळात आणखी एक संयम दाखविला. लेव्हीची वार्ता पसरताच ठिकठिकाणांहून बोलावणी येऊ लागली. तथापि कायदा होईपर्यंत त्यांनी अगदी मोजक्याच नव्या पेढ्या काढल्या. आपण जी जोखीम पत्करली आहे ती भोळ्या माणसांच्या माथी मारावयाची नाही, असा त्यांचा कटाक्ष होता. दरम्यान कायद्यासाठी त्यांची खटपट चालूच होती. मंत्र्यांस भेटावे, टिपणे द्यावीत, पुन्हा भेटावे. अखेर मार्च १९०६ मध्ये क्वेबेकच्या विधिमंडळाने सहकारी संस्थांचा कायदा मंजूर केला, आणि पाच वर्षांहून अधिक काळ उशाशी असलेली धास्ती दूर झाली. साऱ्या कॅनडासाठी असाच कायदा व्हावा म्हणून त्यांनी प्रयत्न केला. १९०८ साली कॉमन्स सभेने तो मान्यही केला. परंतु व्यापाऱ्यांच्या विरोधामुळे वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सीनेटात, तो केवळ एका मताने फेटाळला गेला. एका मताने! दहा वर्षे झिजलेल्या माणसास खचविण्यास एवढे पुरेसे होते. ते खचले नाहीत. संपूर्ण देशाचे दार बंद झाले तेव्हा ते उघड्या असलेल्या प्रांतात अधिक जोमाने कामास लागले.

ह्यापुढील सात-आठ वर्षे त्यांच्या प्रवासाची होत. संसदेच्या कामातून सुट्टी मिळाली की ते निघत. एखाद्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंचे बोलावणे येई. तेथे जाऊन ते लोकांस पेढीचे तत्त्व समजावून देत, सभा भरवून संस्था स्थापन करीत, चालक निवडून घेत, आणि वह्या कशा लिहावयाच्या ते नव्या व्यवस्थापकास शेजारी बसवून शिकवीत. परत गेल्यावर पत्रांचा ओघ सुरू होई. अमुक कर्ज द्यावे काय, तमुक नोंद कोठे करावी, ठेवी कमी होत आहेत तर काय करावे, अशा शेकडो प्रश्नांस ते उत्तरे लिहीत. वुल्फ ह्यांनी त्यांच्यासाठी जे केले होते, तेच ते आता दुसऱ्यांसाठी करीत होते. ह्या कामाबद्दल त्यांनी पगार मागितला नाही; उदरनिर्वाह नोकरीवर चाले. मृत्यूपर्यंत त्यांच्या प्रेरणेने क्वेबेक, ओंटारियो व अमेरिकेची संयुक्त संस्थाने मिळून दीडशेहून अधिक पेढ्या निघाल्या.

धर्मगुरूंचे ह्या कामी फार मोठे साहाय्य झाले. क्वेबेकचे आर्चबिशप बेजें, जे पुढे कार्डिनल झाले, त्यांचा पाठिंबा होता. लेव्ही कॉलेजातील फादर फिलिबेर ग्रोंदें ह्यांनी वर्तमानपत्रांतून अथक लेख लिहिले, आणि १९१० साली लोकपेढीची माहिती प्रश्नोत्तररूपाने, धर्मशिक्षणाच्या पुस्तकासारखी, छापून काढिली. त्यामुळे साध्या शेतकऱ्यासही ती कळू लागली. पोप दहावे पायस ह्यांनी १९१३ साली देजार्दें ह्यांस संत ग्रेगरी महान ह्यांच्या नावाच्या मानमंडळाचे कमांडर केले. एका लघुलेखकाच्या हिशेबवहीस परमगुरूंकडून मिळालेली ही मान्यता होय.

सीमेपलीकडील हकीकत तर आमच्या देशाशीही जोडलेली आहे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशर संस्थानातील मँचेस्टर शहरी फ्रेंच कॅनेडियन गिरणीकामगारांचा सेंट मेरी नावाचा धर्मग्राम होता. तेथील धर्मगुरू मोन्सिन्योर एव्हे ह्यांच्या बोलावण्यावरून १९०८ साली देजार्दें ह्यांनी तेथे पेढी स्थापन केली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ती पहिली पतसंस्था समजली जाते. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स संस्थानाचे बँकविषयक आयुक्त पिएर जे हे त्यांची भेट घेऊन सल्ला विचारू लागले. ह्या प्रयत्नास एडवर्ड फायलीन ह्या बोस्टनच्या व्यापाऱ्याचे बळ मिळाले. हे फायलीन १९०७ साली हिंदुस्थानात आले होते आणि १९०४ च्या सहकारी पतसंस्थांच्या कायद्यान्वये बंगालच्या खेड्यांत निघालेल्या संस्था पाहून प्रभावित झाले होते. हिंदुस्थानातील खेडे, लेव्हीतील धर्मग्राम आणि बोस्टनमधील पेढी असे तीन धागे एकत्र आले, व १९०९ साली मॅसॅच्युसेट्सने पतसंस्थांचा कायदा केला. गरिबाची गरज सर्व देशांत एकच असते. म्हणून उपायही एका देशातून दुसऱ्या देशात सहज रुजतो.

परंतु देह थकत चालला होता. १९१४ च्या सुमारास त्यांस मूत्रपिंडाच्या विकाराने गाठले. प्रवास बंद पडला. १९१७ साली नोकरीही सोडावी लागली. आता ते बहुतेक घरातच असत, परंतु लेखणी चालू होती. ह्या दिवसांत त्यांच्या मनात एकच विवंचना होती. इतकी वर्षे साऱ्या पेढ्या सल्ल्यासाठी त्यांच्याकडे पाहत आल्या होत्या. आपल्यामागे ह्यांस कोण सांभाळील? दूरदूरच्या काही पेढ्या पुरेशी देखरेख न झाल्याने बंदही पडल्या होत्या. म्हणून त्यांनी सर्व पेढ्यांचा एक संघ असावा, त्याने तपासनीस पाठवावेत, आणि जेथे पैसा अधिक आहे तेथून जेथे कमी आहे तेथे तो पोहोचविणारी एक मध्यवर्ती पेढी असावी, अशी योजना मांडली. १९२० साली त्यांनी ती सर्वांस पत्राने कळविली. प्रत्येक पेढी आपले स्वातंत्र्य जपणारी; त्यामुळे एकमत होण्यास वेळ लागला. तेवढा वेळ त्यांस मिळाला नाही. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, सर्व संतांच्या सणाच्या पूर्वदिनी, लेव्ही येथे त्यांनी देह ठेविला. ते सहासष्टाव्या वर्षात होते.

ज्याची त्यांस भीती होती ते झाले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीपासून प्रांताच्या एकेका भागात पेढ्यांचे संघ बनू लागले, आणि १९३२ साली सर्व प्रांतासाठी एक महासंघ झाला. त्या काळात दोरिमेनबाईंचा सल्ला आदराने विचारला जाई. १९३२ च्या जून महिन्यात त्याही प्रभुचरणी विलीन झाल्या. दहा सेंटांपासून निघालेली ती संस्था आज उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठ्या सहकारी वित्तसंस्थांत गणली जाते, आणि तिचे मुख्य ठाणे लेव्हीसच आहे.

ह्या चरित्रातून आमच्या धंदेवाईक तरुणांनी काय घ्यावे? आम्हांस चार गोष्टी दिसतात. पहिली ही की, हळहळणे आणि तयारी करणे ह्यांत अंतर आहे. सावकारीची कथा ऐकून हळहळणारे पुष्कळ होते. तीन वर्षे अभ्यास करणारा एकच निघाला. दुसरी, आरंभ लहान असावा. २६ डॉलर ४० सेंटांची लाज न वाटणारा मनुष्यच पुढे मोठी रक्कम सांभाळू शकतो. कर्ज काढून पहिल्याच दिवशी संगमरवरी दुकान थाटणाऱ्यांनी ह्या आकड्याचे मनन करावे. तिसरी, अपयश हे शाळेतील वर्षासारखे आहे. त्या वर्षाचा धडा शिकून घेतला तर ते वाया जात नाही. चौथी गोष्ट सर्वांत कठीण. ज्यास गुरू मिळाला त्याने गुरू व्हावे. देजार्दें ह्यांनी आपली विद्या पेटीत कुलूप लावून ठेविली असती तर लेव्हीची एकच पेढी राहिली असती आणि तीही कदाचित त्यांच्याबरोबर गेली असती. जेथे त्यांच्यामागे शिकलेला मनुष्य तयार होता तेथे संस्था जगली; जेथे नव्हता तेथे ती सुकली. आमच्यापैकी ज्यांचे धंदे जमले आहेत त्यांनी आपल्या शेजारच्या तरुणास हिशेब कसा ठेवावा, उधारी कोठे थांबवावी, भाव कसा ठरवावा, हे सांगण्यास आठवड्याचा एक तास दिला, तर तो दानपेटीत टाकलेल्या नोटेहून कमी मोलाचा ठरणार नाही.

वसईच्या भूमीस ही गोष्ट परकी नाही. मोन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्यांच्या पुढाकाराने १९१८ साली, म्हणजे देजार्दें हयात असतानाच, तेथे कॅथोलिक लोकांची सहकारी पतसंस्था स्थापन झाली आणि तीच पुढे बॅसीन कॅथोलिक सहकारी बँक म्हणून नावारूपास आली. दोन्ही कामांचे मूळ एकाच विचारात आहे : धर्मग्रामातील माणसांनी एकमेकांवर ठेविलेला विश्वास हीच गरिबाची पहिली पुंजी होय. पूर्वजांनी ही पुंजी आमच्या हाती दिली. ती खर्चून टाकावयाची की वाढवून पुढील पिढीस द्यावयाची, हे आम्हांवर आहे.

ज्या प्रभूने विधवेच्या दोन दमड्यांची किंमत जाणली, तोच दहा सेंटांचीही किंमत जाणतो. आमच्या धर्मग्रामातील प्रत्येक प्रामाणिक धंद्यावर, प्रत्येक दुकानावर, प्रत्येक कष्टकऱ्याच्या घामावर त्याचा आशीर्वाद असो, आणि ज्यांस त्याने बळ दिले आहे त्यांस दुसऱ्याचा हात धरण्याची बुद्धी देवो, अशी ह्या महोत्सवाच्या मंगल प्रसंगी आम्ही प्रार्थना करतो.